सगुणाबाई नगारखान्यांत चढली ते समयीं महाराज उपाशी होते

श्रीगजवदन प्रसन्न असो, शारदा जिभेवर बसो, आणि वाचणारानें आधीं जेवून घ्यावें, कां कीं ही हकीकत रिकाम्या पोटीं सोसणारी नव्हे. शके सोळाशें साठ, कालयुक्तनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं एका राज्यांत (राज्याचें नांव लिहीत नाहीं, लेखणी धरणारा हात आम्हांस अजून हवा आहे) रायाजी नगारची वारले आणि हाहाकार जाहला. त्या राज्याची चाल ऐसी कीं, माध्यान्हीं वेशीवरील नगारखान्यांत नगारा व्हावा, मग महाराजांनीं अन्न घ्यावें. नगारा नाहीं तर भात नाहीं, पोळी नाहीं, फराळावर राहावें. आणि नगाऱ्याचें वतन रायाजीचे घराण्याचें, दुसऱ्यानें टिपरीस हात लावूं नये. रायाजीस एकच लेक, सगुणाबाई. तिचे पाय लहानपणींच्या तापांत गेले, परंतु हात ऐसे कीं नुसतीं मांडीवर बोटें वाजविलीं तरी शेजारीण भाजी चिरतां चिरतां डोलूं लागे. बापानें तिला घरींच जुन्या नगाऱ्यावर सगळे बोल शिकविले, आणि सुतारआळीनें तिला चाकांचा पाट करून दिला, त्यावर बसोन ती हातांनीं चाकें फिरवीत बाजारभर हिंडे आणि कोथिंबिरीस घासाघीस करी.

मग बापाचें तेरावें उरकून सगुणाबाई वेशीपाशीं आली, कमरेस बापाच्या टिपऱ्या खोंवलेल्या, आणि तिनें अर्ज केला कीं, जिना अरुंद, वळणाचा, मजला तो चढवत नाहीं, तरी तटाचे कडेनें एक लांब चढण घालावी, म्हणजे मी रोज आपली आपण वर जाईन. कारभारी विसाजीपंत बोलिले कीं, चढण घालावयाची चाल नाहीं, आणि येत्या पौषी पौर्णिमेचे माध्यान्हीं नगाऱ्यापाशीं जो घराण्याचा बसला नसेल त्याचें वतन खालसा. खालसा वतन कोणास मिळावें? तर पंतांचे मेहुण्यास. हे मेहुणे गोठ्यांत सराव करीत आणि तेव्हांपासोन पंतांची म्हैस आटली होती, हें सर्वांस ठाऊक.

परंतु महाराजांस भूक लागलेली. रोज साबुदाणा, रोज राजगिरा, रताळें समोर आलें कीं स्वारी तोंड फिरवी. म्हणोन पंतांनीं तोड काढली कीं बाईस पालखींतून वर न्यावें, आणि किती सोपें आहे तें दाखवावयास स्वतः पालखींत बसले. जिन्याचे दुसरे वळणास पालखी अडकली ती अडकली. पुढें होईना, मागें होईना, पंत आंतून हुकूम सोडीत आहेत, भोई घामाघूम, शेवटीं तेल्यानें घागरभर तेल ओतिलें तेव्हां पंत एकटेच सुळकन खालीं आले आणि पालखी तिथेंच राहिली. मग तेल ठिबकत पंत बोलिले कीं, चौघे गडी लावून बाईस उचलून घेऊं. सगुणाबाईचे डोळे भरून आले, राग आणि रडूं एकाच वेळीं आलें, आणि ती बोलिली, “पंत, मी नगारची आहें, नगारा नव्हे. नगारा उचलून नेतात. आज चौघे आले तर मी नगारची, आणि उद्यां न आले तर?” महाराज वेशीसमोरील वाड्याचे खिडकींत साबुदाणा चिवडीत होते, त्यांनीं हें ऐकिलें आणि वाटी तशीच ठेवून आज्ञा केली कीं चढण घाला.

मग काय विचारतां! कुंभारांनीं गाढवांवरून माती आणिली, सुतारांनीं कठडे केले, आणि सगुणाबाई पाटावर बसोन रोज चढून पाही आणि म्हणे, येथें चढ फार उभा आहे, अजून लांबवा, आणि लोक हंसत हंसत लांबवीत. पौर्णिमेस चढण तयार. तोरणें लागलीं, अवघा गांव लोटला, स्वयंपाकघरीं पुरण शिजलें, त्याचा वास वेशीपर्यंत आला, आणि सगुणाबाई चाकें फिरवीत चढणीचे तोंडाशीं आली तों धाडकन थांबली. पाहते तों समोर उंबरा! पंतांनीं आदले रात्रीं हौसेनें चौकट बसविली होती, आणि चौकट आली म्हणजे उंबरा आलाच; दगडी, कोरीव, हातभर उंच, वर हळदकुंकू. चौकटीपाशीं पूजेस बसलेले दरबारचे शास्त्रीबुवा समाधानानें बोलिले कीं, उंबऱ्याविण दार ठेविलें तर लक्ष्मी बाहेर जाते. ऊन डोक्यावर आलें आणि मेहुण्यांनीं आपल्या टिपऱ्या बाहेर काढिल्या. इतकें जवळ येऊन बापाचा नगारा जातो ऐसें सगुणाबाईस वाटलें. पंत म्हणाले, आतां एवढ्यापुरतें दोघांनीं उचलूं द्या. तिनें मान हलविली आणि दोन्हीं चाकें घट्ट धरून बसली.

इतक्यांत महाराज सोवळ्यानेंच, अनवाणी, पुरणाच्या वासानें वेडे होऊन धांवत आले, आणि शास्त्रीबुवांस बोलिले, “लक्ष्मी बाहेर जाईल म्हणतां. ही आंत जात नाहीं तोंवर मला भात नाहीं. पहार आणा.” आणि स्वतः पहार घातली, कुंभार धांवले, सुतार धांवले, दगड उखडला आणि महाराज मागचे मागें शास्त्रीबुवांचे मांडीवर बसले. हंसावें कीं मुजरा करावा हें कोणास कळेना. मग सगुणाबाई चढूं लागली. ढकलावयास शंभर हात शिवशिवत होते, परंतु एकानेंही हात लाविला नाहीं. ती वर पोंचली, बापाचे जागीं बसली, टिपऱ्या कपाळास लाविल्या, आणि नगारा वाजला. महाराज पानावर धांवले, पुरणपोळीचा घास उचलिला, आणि तो तसाच हातांत धरून ऐकत राहिले. तूप कोपरापर्यंत ओघळलें तरी शुद्ध नाहीं.

एवंच, वतन घराण्यांत राहिलें, मेहुण्यांनीं सराव सोडिला आणि म्हैस पुन्हां दूध देऊं लागली. विसाजीपंतांचे गुडघे धरले तेव्हांपासोन तेही चढणीनेंच वर जातात, विचारिलें तर पाहणीस जातों म्हणतात. उखडलेला उंबरा सगुणाबाईनें मागून घेतला आणि नगारखान्यांत ठेविला. टिपऱ्या तिच्या नेहमीं कमरेसच असतात. मात्र वाजवून झालें म्हणजे ती पाण्याचा तांब्या त्या उंबऱ्यावर ठेविते.