उन्हाळा नावाचं बटण

देविदासदादांच्या घरी चहाला गेलं की कप आपल्या हाती देण्याआधी ते त्यावर चमच्यानं टिचकी मारतात, कान तिरका करतात आणि जाहीर करतात, "पांढरी दोन." तोवर चहा निवलेला असतो. शेजारची पिठाची गिरणी त्यांच्या लेखी काळी एक, आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर रागावले की पांढरी सहा. हेडमास्तरांना हे मी अजून सांगितलेलं नाही. नोकरी करायची आहे.

ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या पट्ट्यांची ही नावं. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी, आणि पट्टी जितकी उंच तितका गळा चढा. दादांच्या बायकोची, यमुनावहिनींची पट्टी काळी चार. दादा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून गायन पार्टी चालवायचे. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, चिखलीपासून दुसरबीडपर्यंत वहिनींना बोलावणं ठरलेलं. स्टेजवरून पुकाराच तसा व्हायचा, "आता ऐका काळी चारवाल्या यमुनाबाई." मी त्यांचा शेजारी, शाळेत इंग्रजी शिकवतो आणि पार्टीत पेटी वाजवतो. पेटी बरी वाजवतो, इंग्रजीबद्दल मुलांना विचारा.

पार्टीचा खरा मानकरी मात्र एक इटालियन होता. दादांचे मामा मुंबईला गोदीत कामाला होते. एका परदेशी जहाजावरच्या वाजवणाऱ्यानं विकायला काढलेला, इटलीत बनलेला सिंथेसायझर त्यांनी भाच्यासाठी घेतला आणि गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून धाडला. जगात अशी मशिनं फार थोडी बनली, हे आम्हाला फार पुढे कळलं. आम्ही त्याला नुसतं 'इटालियन' म्हणायचो. त्यातून एकदम पुष्कळ माणसांनी सारंगी वाजवावी तसा भरलेला, किंचित थरथरता आवाज यायचा. वहिनी म्हणायच्या, "हा वाजला की मले गावं नाई लागत, आपोआप निघते."

सुलतानपूरच्या एका कार्यक्रमात जनरेटरनं दगा दिला, व्होल्टेज चढलं आणि इटालियनमधून धूर निघाला. आतले भाग कुठेही मिळेनात. पार्टीनं नवा कीबोर्ड घेतला, पण वहिनी त्याच्याबरोबर दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "हा मले धरत नाई," म्हणाल्या. हळूहळू बोलावणी बंद झाली आणि त्या घरातसुद्धा गुणगुणेनाशा झाल्या.

दादा निवृत्त झाले होते. त्या वयात माणसं नातवंडं खेळवतात, यांनी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. इटालियनचा मृतदेह पलंगावर उताणा ठेवून त्याचा एकेक भाग मोजायचा, जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट ऐकायच्या आणि तसाच आवाज लॅपटॉपमध्ये बनवायचा, असा उद्योग वर्षानुवर्षं चालला. पलंग अडकल्यामुळे स्वतः खाली झोपायचे. शेवटी ते जमलं. साध्या कीबोर्डची पट्टी दाबायची आणि लॅपटॉपमधून तो थरथरता आवाज भरून यायचा. मी इंग्रजीचा मास्तर, सहजासहजी भारावत नाही, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

त्याच्याबरोबर गायला बसलेल्या वहिनींनी मात्र अंतऱ्याला गाणं अर्धवट सोडलं आणि त्या चहा ठेवायला उठल्या. मला वाटलं, आवाज पसंत पडला नसेल.

दादांनी तो प्रोग्राम इंटरनेटवर मोकळा ठेवला. कुणीही घ्यावा, आत उघडून पाहावा, बदलावा, पैसा नको. गल्लीत चर्चा झाली. गिरणीवाला सरळच म्हणाला, "फुकट काऊन देऊन राह्यले, दादा? इकला असता तं गाडी आली असती." दादांनी विचारलं, "अन् आवाज काय माह्या बापाचा हाये?" पुढे जगभरच्या लोकांची पत्रं येऊ लागली. त्यांना इंग्रजीतून उत्तरं लिहायचं काम बिनपगारी माझ्या गळ्यात पडलं. त्याच सुमारास दादांनी घरातली सागवानी पेटीही मला देऊन टाकली. मी ते मेहनतान्यात धरलं.

आणि कधीतरी एका सकाळी भिंतीपलीकडून वहिनींचं गाणं ऐकू आलं. पूर्ण गाणं, अंतऱ्यासकट. मी दाढी अर्धी टाकून ऐकत उभा राहिलो.

मग इटलीहून एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांच्याकडे खरं मशीन होतं. फार अदबीनं त्यांनी लिहिलं होतं की बाकी सगळं हुबेहूब आहे, पण प्रत्येक नव्या आवृत्तीत तुमचा सूर थोडा थोडा खाली घसरतोय, आता तर पूर्ण स्वरानं उतरलाय, ही चूक दुरुस्त करावी. एरवी कुणी बारीकशी चूक दाखवली तरी दादा जेवण सोडून ती दुरुस्त करायचे. या वेळी ते नखं बघत बसले.

"लिहा, मास्तर. आमच्याइकडं लय ऊन राह्यते. उनानं सूर उतरते."

"दादा, लॅपटॉपला कसलं ऊन?"

"तुम्ही लिहा तं खरं."

मी पेन खाली ठेवलं. वहिनी परसात आहेत याची खात्री करून दादा हळू आवाजात म्हणाले, "तिचा गळा आता काळी तीनचा राह्यला, मास्तर. त्या दिवशी अंतऱ्याले फाटला, तुम्ही होते ना. चहा ठेवाले उठली तशी महिनाभर मशिनाजवळ आली नाई. मंग म्याच मशीन खाली आणलं. थोडं थोडं, तिले समजू नये असं. तिले दिसते मी काळी चार दाबून राह्यलो, निघते काळी तीन. अन् ती गाते."

आता माझ्या घरात सागवानी पेटी का आली ते कळलं. खरा सूर सांगणारी वस्तू त्यांनी घराबाहेर काढली होती.

"म्हणजे एका बाईसाठी तुम्ही सगळं जग बेसूर केलंत?"

"जग लय मोठं हाये," दादा म्हणाले. "त्याले काय फरक पडते?"

मी उन्हाचं लिहिलं. ते गृहस्थ सज्जन निघाले. त्यांनी कळवलं, तुमच्याकडचं ऊन मी समजू शकतो, पण आमच्यासाठी त्याला वेगळं बटण ठेवा. दादांना ते पटलं. आता त्या प्रोग्राममध्ये एका कोपऱ्यात 'उन्हाळा' नावाचं बटण आहे. ते शून्यावर असलं की मशीन खऱ्या इटालियनसारखं वाजतं, फिरवलं की सूर उतरतो. सगळं जग ते शून्यावर ठेवतं. चिखलीतल्या एका घरात ते कायम फिरवलेलं असतं.

यंदा दुसरबीडहून बुद्धपौर्णिमेचं बोलावणं आलं आणि वहिनी आपणहून "येते" म्हणाल्या. दादांचा चेहरा उतरला. लॅपटॉपला बटण होतं, स्टेजवर माझ्या पेटीला कुठलं बटण? वहिनी पहिल्यापासून माझ्या शेजारी बसून माझी बोटं बघत सा धरायच्या. इतक्या लोकांसमोर त्यांना कळलं तर त्या गाणं तिथंच सोडतील आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत, या धास्तीनं दादा दोन घास धड जेवेनात. ढोलकीही काळी तीनला लावायला त्यांनी ढोलकीवाल्याला आधीच फितवलं होतं. मला म्हणाले, "तुम्ही काळी तीनवर धरा, अन् पट्ट्यांवर शाल टाका." शाल टाकून पेटी कशी वाजवणार, हा प्रश्न मी विचारला नाही. मी शाल घेऊन गेलो.

ऊन कलल्यावर आम्ही स्टेजवर चढलो. मी शाल उलगडतोय तोच वहिनींनी माइकचा स्टँड उचलला, चार पावलं पुढे नेला आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शालीची गरजच उरली नाही. निवेदकानं जुनाच पुकारा केला, दादांनी काळी चार दाबली, मी काळी तीन. वहिनी गायल्या. अंतऱ्याला आवाज चढत गेला तेव्हा दादा पट्ट्या सोडून वहिनींच्या पाठीकडे बघत होते. आवाज वर पोचला, ठरला आणि सावकाश खाली आला.

कार्यक्रम संपल्यावर मी पेटी बांधत होतो. वहिनी जवळ आल्या.

"भाऊजी, काळी तीनवर तुमचा हात चांगला चालते."

मी शालीची घडी घालत राहिलो.

"पहिल्याच दिवशी समजलं मले," त्या म्हणाल्या. "चढ कमी झाला तं पायाले समजते, मंग गळ्याले नाई समजणार? आधी राग आला. मंग पाह्यलं, हा माणूस माह्यासाठी रोज जरासा खोटा होऊन राह्यला. अन् त्याले खोटं बोलता येत नाई, भाऊजी, कानाच्या पाळ्या लाल होतात. यांले सांगू नका. मले गाऊ द्या असंच."

स्टेजच्या टोकाला दादा एकटेच वायरी गुंडाळत बसले होते, आणि वायर त्यांच्या हातात नुसती गुंतत चालली होती. वहिनी त्यांच्याकडे गेल्या, दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "आज काळी चार सोपी गेली बाई मले."

दादांचे कान लाल झालेले मला तिथूनही दिसले.