तुळाजी वस्तादांचे दुखणे व यमुनाबाईंची तपासणी

श्री धन्वंतरीचे चरणी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, माघमासी नगरीत जे वर्तमान घडले ते पाहिले-ऐकिले तैसे लिहितो. ते समयी नगरी लहान, परंतु माणसे दिलदार. कौलारू इस्पितळ होते, आवारात बकुळ होती, आणि पलीकडे तांबड्या मातीची तालीम होती, तिचे वस्ताद तुळाजी शेडगे.

त्या वस्तादांचे गुह्य जागी चामखिळीसारखे मस उगवले. त्यांनी ते लंगोटाआड लपविले, आणि ते वाढले, आणि रक्त येऊ लागले, मग तालीम सोडिली आणि पत्नी सगुणाबाई यांजपासून अंथरूण वेगळे केले. बाईंनी पुसिले, "अहो, माझं काही चुकलं का?" तर वस्ताद भिंतीकडे तोंड करून निजले. कॅन्सरच जाहला, अंग कापावे लागेल, ऐसे मनी घेतले. अखेर वेदना सोसेना, मग इस्पितळी दाखल जाहले. शल्यवैद्य बोलिले, "नुसतं डोळ्यांनी बघून मी काही ठरवणार नाही. आधी तुकडा तपासू." आणि जागा बधिर करून कणभर मांस काढिले आणि डॉक्टर यमुनाबाई गुप्ते यांजकडे रवाना केले.

यमुनाबाई म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या दालनाच्या स्वामिनी. तुकडा मेणात बसविला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतले, जांभळा-गुलाबी रंग दिला आणि बाई भिंगास डोळा लावून बैसल्या. पेशींचे केंद्र सुरकुतलेले, भोवती पांढरे वलय. परंतु खालचा थर शाबूत, म्हणजे रोग आत शिरला नव्हता. मग वस्तादांस बोलावून म्हणाल्या, "कॅन्सर नाही, वस्ताद. पॅपिलोमा नावाचा विषाणू आहे. मस काढून टाकू. पण सगुणाबाईंना तपासणीला आणा. या विषाणूचे काही प्रकार बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाशी गुपचूप बसतात आणि पुढे तिथं कॅन्सर करू शकतात."

वस्ताद घामाघूम जाहले. "बाईसाहेब, ती विचारील, कुठून आणलंत. लग्नाआधी जत्राजत्रांतून हिंडलो, तेव्हा अक्कल नव्हती."

"हा वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. कधी आला, कुणाकडून आला, ते मला भिंगातून दिसत नाही. पण तुम्ही लाजून गप्प बसलात, तर तिच्या जिवावर बेतेल."

मग वस्ताद घरी गेले. सगुणाबाई ज्वारी पाखडीत होत्या. ज्यांची पाठ कोणी मातीस लाविली नव्हती ते वस्ताद सुपापुढे बैसले आणि सर्व हकीकत सांगितली, जत्रांचीही. बाई पाखडीतच राहिल्या. मग सूप खाली ठेविले आणि म्हणाल्या, "रागवायचं ते मी नंतर रागवीन. मला वाटत होतं, मीच तुम्हाला नकोशी झाले. चला, कुठं जायचं ते." तपासणीत सगुणाबाईंचे गर्भाशयाचे मुखाशी बिघाड सापडला, आरंभीचाच. तो काढिला आणि बाई वाचल्या.

पुढे वस्ताद तालमीत परतले, आणि मेहनत संपली म्हणजे आम्हां तरण्या मल्लांस मातीत बसवून सांगत, "लंगोटाआडचं दुखणं डॉक्टरला दाखवा आणि बायकोला सांगा." आम्ही खाली मान घालून हसत असू.

सारांश, कणभर मांसाने एक घर राखिले. आज यमुनाबाई नाहीत, वस्ताद नाहीत, तालमीच्या जागी दुकाने जाहली. सगुणाबाई आहेत. उन्हात बैसून मज विचारितात, "आठवतात का रे ते तुला?" आठवतात, म्हणोन लिहिले.