न फिरलेले आजोबा

सुभेदार केरबा सकाळी सात वाजता स्टुलावर चढून स्वतःचेच फोटो भिंतीवरून उतरवत होते. लेहचा उतरला, तेजपूरचा उतरला, बर्फात फक्त नाक दिसणारा सियाचिनचाही उतरला. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, मंगलकाकूंना, शेवटी राहवेना.

"आवं, घरात मानूस आलं की च्याच्या आधी हे फोटू दावता तुमी. आज झालं काय तुमाला?"

"आजपास्नं मी फौजेत गेलोच न्हाई," केरबा म्हणाले. "आटपाडी तालुका सोडून कुटंच गेलो न्हाई. लय झालं तर विट्याला. ध्यानात ठेव."

"मग मी अठ्ठावीस वर्सं वाट कुनाची बगत व्हते?"

केरबांनी सियाचिन गुंडाळून कॉटखाली सारलं.

या सगळ्याच्या मुळाशी पोलंडची एक मुलगी होती. तिचं नाव काशा. तिकडच्या विद्यापीठातून ती वर्षभरासाठी कोल्हापूरला शिकायला आली होती. विषय दोन, भाषाशास्त्र आणि इतिहास. तिची पणजी लहानपणी, महायुद्धाच्या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत राहिली होती, म्हणून हिने मराठी निवडली आणि पुस्तकातल्यासारखी स्वच्छ शिकली. आता गावची बोली टिपायला ती आठवडाभर सरपंच विजयमालांच्या घरी उतरली होती. गावाने पहिल्याच दिवशी तिचं काशीबाई करून टाकलं.

काशीबाईची अट मोठी विचित्र होती. तिला साठीच्या पुढचा माणूस हवा होता, याच गावात जन्मलेला आणि गावाबाहेर कधी सहा महिनेसुद्धा न राहिलेला. जो बाहेर राहिला त्याच्या बोलण्यात बाहेरचं शिरतं, असं तिचं शास्त्र सांगत होतं. गावाने एकमुखाने अर्जुनाचं नाव घेतलं. अर्जुना म्हणजे केरबांचा शेजारी आणि शाळासोबती. डाळिंबाची बाग सोडून तो कुठे जात नसे. एकदा विट्याला दोन दात काढायला गेला आणि एकच काढून, "दुसरा फुडल्या वर्साला," म्हणून संध्याकाळच्या एसटीने परत आला. असा माणूस शास्त्राला शोधून सापडायचा नाही.

केरबा तेव्हा सांगलीला मिलिटरी कँटीनला गेले होते. परत येऊन बघतात तर लिंबाखाली बाजेवर अर्जुना बसलेला, कॉलरला माइक, समोर गोरी पोरगी वहीत उतरून घेतेय आणि भोवती अर्धं गाव. संध्याकाळी पारावर वीस वर्षं केरबांची गादी होती. "आमी लेहला व्हतो तवा" म्हणून ते सुरू करायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्या संध्याकाळी त्यांनी लेह काढलं, तर कुणी मान वळवली नाही.

"माजा आवाज पोलंडात ठेवनार म्हनं," अर्जुना सांगत होता. "कपाटात. शंभर वर्सं."

केरबांच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं ओव्याने थांबणारं नव्हतं. ज्याने आयुष्यात विट्यापुढे पाऊल टाकलं नाही तो पोलंडला निघाला, आणि निम्मा देश पालथा घातलेला सुभेदार इथं पारावर बसला! कधी नव्हे तो त्यांना आपल्या नोकरीचा राग आला. गेलो नसतो तर आज माइक माझ्या कॉलरला असता, हा हिशोब त्यांना रात्रभर टोचत राहिला.

सकाळी बातमी लागली की काशीबाईला ताळा घ्यायला आणखी एक म्हातारा हवाय. केरबा तडक सरपंचांकडे गेले.

"माजं नाव लिवा."

"आवं सुभेदार," विजयमालाबाई हसू दाबत म्हणाल्या, "तुमी निम्मा मुलूख फिरलाय."

"पुरावा काय? तिनं इचारलं की समद्यांनी गप ऱ्हायाचं. मागच्या इलेक्शनला मी तुमच्यासाटी घसा फोडलाय, इसरू नका."

निवडणुकीचं नाव निघाल्यावर सरपंचांचा नाइलाज झाला. शनिवारी नऊची वेळ ठरली.

म्हणून ही सकाळची धांदल. दारावरच्या 'सुभेदार (निवृत्त)' या पाटीवर साखर कारखान्याचं कॅलेंडर लटकलं. ब्रिगेडियर नावाचा कुत्रा मागच्या गोठ्यात बांधला गेला. सगळ्यात अवघड काम जिभेचं होतं.

"फटाफट आवर," केरबा म्हणाले.

"फटाफट न्हाई, बिगीबिगी म्हना."

"ठीक है."

"बरं म्हना, बरं!" मंगलकाकूंनी कपाळाला हात लावला. "एवढं खोटं बोलन्यापरीस झोपा की गप."

काशा वेळेवर आली. तिच्यामागून अर्जुनाही आला आणि उंबऱ्यावर बसला. आपल्या जोडीला बसलेला सुभेदार काय सांगतो हे बघायची त्याला हौस होती. आतली फोटो उतरवलेली भिंत बघून त्याने आ वासला, पण सरपंचांची ताकीद होती, म्हणून तो गप्प राहिला.

"आजोबा, तुम्ही गावाबाहेर कधी राहिलात?"

"न्हाई बाई. विट्याच्या फुडं जग हाय का न्हाई, मला काय ठावं?"

काशाने फॉर्म पुढे केला. केरबांनी अंगठा उठवला, कारण त्यांना सही फक्त इंग्रजीत यायची.

"भिंतीवर हे पांढरे चौकोन कसले?"

"देवाचं फोटू व्हतं. काचा बदलाय दिल्यात."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

मग काशाने चित्रं दाखवायला सुरुवात केली. जुवाच्या टोकाच्या खुंटीला काय म्हणता? अठराव्या वर्षी घर सोडलेल्या केरबांना रायफलीचा एकेक भाग झोपेत सांगता आला असता, पण ही खुंटी त्यांना आठवेना.

"शिवळ!" आतून आवाज आला.

"मोटेच्या या जाड दोराला?"

"नाडा!" पुन्हा आतूनच.

"आजी फार छान सांगतात," काशा म्हणाली आणि तिने माइक स्वयंपाकघराच्या दिशेने सरकवला. केरबांनी तो ओढून परत आपल्यासमोर आणला. आता त्यांना बायकोवरही जळायची वेळ आली होती.

कशीबशी चित्रं संपली. काशाने वही मिटली आणि पिशवीतून कॅमेरा काढला.

"भाषेचं काम झालं. आज सकाळी माझ्या इतिहासाच्या सरांचा फोन आला. त्यांना या भागातल्या एका सैनिकाची पूर्ण कहाणी हवी आहे. व्हिडिओवर, जुन्या फोटोंसकट. तुमच्या गावात आहे कुणी?"

केरबांची नजर कॉटकडे गेली. कॉटखाली सगळं सियाचिन गुंडाळलेलं, आणि समोरच्या फॉर्मवर स्वतःचा अंगठा अजून ओला.

"व्हता एक," ते कसेबसे म्हणाले. "गावाला गेलाय."

"कवा येनार म्हनं?" मंगलकाकूंनी आतून विचारलं.

"ठावं न्हाई!"

"बाई, त्यो नसला म्हनून काय झालं?" अर्जुना उंबऱ्यावरून उठला. "त्याचं समदं मला पाठ हाय. वीस वर्सं रोज ऐकतोय."

आणि अर्जुना कॅमेऱ्यासमोर बसला. त्याने साताऱ्याची भरती सांगितली, लेहची थंडी सांगितली, बर्फाचा कडा कोसळला तेव्हा सुभेदाराने हातांनी उकरून दोन पोरं जिवंत काढली तेही सांगितलं. कुठे अडखळला नाही. केरबा सांगताना मध्येच कँटीनच्या भावांत घुसायचे, अर्जुनाने तसलं काही केलं नाही. काशाच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबा आपल्याच घरात, आपल्याच स्टुलावर बसून आपलंच आयुष्य ऐकत होते, आणि ते इतकं चांगलं होतं की त्यांना त्या सुभेदाराचाही हेवा वाटू लागला.

"चौकी व्हती अठरा हजार फुटावर," अर्जुना म्हणाला.

"एकवीस!" केरबा ताडकन उठले. "एकवीस हजार रं! अठरा हजारावर आमी दाढी कराय उतरायचो!"

काशाने वळून केरबांकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" काशाने हळूच विचारलं.

केरबा खाली वाकले आणि कॉटखालून एकेक फोटो काढून तिच्यासमोर ठेवू लागले. काशाने फोटो पाहिले, मग फॉर्म घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"भाषेचं हे रेकॉर्डिंग मला वापरता येणार नाही. माफ करा."

केरबांचा सगळा राग अर्जुनावर फिरला. "हजारदा सांगितलंय तुला एकवीस म्हनून!"

"ठावं हाय. मुद्दाम अठरा म्हनलो."

"का?"

"का म्हन्जे?" अर्जुनाचा आवाज चढला. "पारावर तुजं ऐकायचो आन घरी जाऊन जळायचो. ह्यानं बर्फ बगितला, आपुन काय बगितलं? डाळिंबं. वीस वर्सं जळलोय गड्या मी तुज्यावर. आन तू एका सकाळीत समदं न्हाई म्हनतोस? मग मी काय फुकटच जळलो व्हय रं?"

अर्जुना आपल्यावर जळत असेल हे केरबांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

काशाने घड्याळ पाहिलं. "मला आज कोल्हापूरला परतायचंय, गाडीला चाळीस मिनिटं आहेत. आता तुम्हीच सांगा, सुभेदार."

मंगलकाकूंनी न सांगता कोट आणला आणि पदकं लावून दिली. केरबा ताठ बसले, माइक कॉलरला लागला.

"बर्फापास्नं धर," अर्जुना कुजबुजला. "टैम कमी हाय."

"मधी बोलू नगंस. पयल्यापास्नं सांगायची रीत असती."

आणि त्यांनी सुरुवात केली. साताऱ्याला भरतीच्या रांगेत पुढे कोण होतं, मागे कोण होतं, खंडाळ्याच्या एका पोराने भाजलेल्या शेंगा कशा वाटल्या, उंची कमी भरू नये म्हणून कुणी कुणी केसांत काय लपवलं. सगळं सविस्तर. अर्जुना घड्याळ दाखवत राहिला, मंगलकाकू खाकरत राहिल्या, आणि काशाला न्यायला आलेल्या जीपने दारात हॉर्न वाजवला.

पोलंडच्या त्या कपाटात अर्जुनाचा आवाज आता सियाचिनला जाऊन सुखरूप परत आला आहे. सुभेदार केरबा मात्र साताऱ्याच्या मैदानावरच आहेत, छाती फुगवून रांगेत उभे, आणि त्यांची अजून उंचीसुद्धा मोजून झालेली नाही.