आबांच्या नळीतला निळा

मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारचे आबा परब रोज सकाळी गॅलरीत बसून स्वतःची लघवी उकळायचे. नाक मुरडू नका. तेव्हा मधुमेहाची साखर घरी अशीच बघत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थोडे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर वाट लागली!

आबा संपानंतर घरी बसलेले, पण उभा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेलेला. त्यांना नुसता हिरवा चालेल? नळी उन्हात धरून ओरडायचे, "हिरवो नाय गे, मोरपंखी!" एकदा मी पिवळा म्हटलं, तर दोन दिवस अबोला. तो म्हणे हळदी होता. साखरेला ते 'इख' म्हणायचे, म्हणजे विष. पेढे घेऊन आलेल्याला दारातूनच वाटेला लावायचे.

मग त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या. लेक येऊन महिनाभर राहिली आणि एका रविवारी सासरी परतली. सोमवारी सकाळी आरोळी आली, "निळो! एकदम निळो!" म्हटलं, चला, झकास.

तासाभराने डोकावले, तर आबा भिंतीला टेकलेले, घामाने चिंब, हात थरथरतायत. बाजूला रोजच्या इन्सुलिनची रिकामी सुई. लेकीने करून ठेवलेली भाकरी ताटात तशीच.

"आबा, सुई टोचून घेतलीत आणि खाल्लं नाहीत?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, सुईनंतर पोटात काही गेलं नाही तर साखर एकदम उतरते, माणूस हातचा जातो. धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. आबांनी दातच आवळले.

"इख... निळो आसा ना..."

"खड्ड्यात गेला तुमचा निळा! तोंड उघडा!"

त्यांचे डोळे फिरायला लागले, तसा मी जबडा धरून पेला ओठांना टेकवला. देवा, आता काय करू? कसाबसा एक घोट गेला. मग दुसरा. मग अख्खा पेला.

हळूहळू घाम सुकला, नजर थाऱ्यावर आली. मग मात्र माझा राग उसळला. "भाकरी समोर होती ना? मग खायला काय झालं होतं?"

आबांनी ताटाकडे बोट केलं.

"तुझी काकू ताट ठेवून 'गिळा आता' म्हणून वराडायची. मगे लेक वराडायची. आज कोण वराडलाच नाय गे."

मला रडूच फुटलं. डोळे पदराने पुसले, ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "गिळा आता!"