चंडोलांच्या मैदानावरील उपस्थितीबाबत

नेब्रास्कातल्या लुंडक्विस्ट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला, म्हणजे 'चंडोलां'ना, सामने जिंकण्याची फारशी सवय नव्हती; मैदान भरण्याची मात्र होती. मैदानात आसनं आठ हजार दोनशे चौदा, आणि गेल्या सत्तावन्न वर्षांत त्यातलं एकही रिकामं राहिल्याची नोंद नव्हती. दहा-वीस माणसं कमी पडलीच तर बँडवाले मोजले जात. त्याला गावात कुणी खोटेपणा म्हणत नसे.

ही नोंद वर्नाबाई स्लाडेक ठेवत. फाटकांवरचे आकडे गोळा करायचे, बेरीज चिठ्ठीवर लिहायची, क्रीडासंचालकाची मान्यता घ्यायची आणि चिठ्ठी निवेदक मर्लच्या हातात द्यायची. मग मर्ल तो आकडा ध्वनिक्षेपकावरून असा काही वाचायचा, की ऐकणाऱ्याला गर्दीने गुदमरल्यासारखं व्हावं.

यंदा घरच्या मैदानावरचा पहिला सामना चंडोल पंचेचाळीस-सहा असा हरले. माणसं भरली पाच हजार सहाशे. वर्नाबाईंनी तेवढाच आकडा लिहून चिठ्ठी क्रीडासंचालक गॅरेट होल्मबर्गपुढे ठेवली. गॅरेट लहानपणी त्यांच्या अंगणातल्या चेरी चोरायचा, त्यामुळे हुद्दा काहीही असला तरी तो त्यांना अहोजाहो करी आणि त्या त्याला अरेतुरे.

"वर्नाबाई, आपण उपस्थिती मोजतो, माणसं नाही," गॅरेट म्हणाला. "तिकीट विकलं गेलं की प्रेक्षक तत्त्वतः आला."

"तत्त्वतः आलेला माणूस बसतो कुठे?"

"आपल्या आसनावर. तत्त्वतः."

दुसऱ्या सामन्याला तिकिटंही विकली गेली नाहीत. लोक आले, पण बाहेर गाड्या लावून, सॉसेज भाजून, बिअर पिऊन घरी गेले. गॅरेटने परिपत्रक काढलं: ज्यांच्या शेगडीचा धूर मैदानात पोचतो, ते 'धूरकक्षेतील प्रेक्षक' समजावेत. तिसऱ्या सामन्याच्या वेळी मक्याची कापणी सुरू झाली आणि सगळा जिल्हा कापणीयंत्रांवर चढला. यंत्राला रेडिओ असतो, म्हणून प्रत्येक यंत्र 'श्राव्य प्रेक्षक' ठरलं. यंत्राच्या केबिनमध्ये आसनं दोन, म्हणून यंत्रामागे प्रेक्षकही दोन.

चौथ्या सामन्याला रेडिओवाल्यांनीच प्रक्षेपण बंद केलं. त्याआधीचा सामना चंडोल बासष्ट-शून्य हरले होते. गॅरेट दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीतून टेकडी दिसायची आणि टेकडीवर दफनभूमी होती.

"तिथून मैदान स्वच्छ दिसतं," तो वर्नाबाईंना म्हणाला आणि त्याने यादी पुढे केली. यादीचं शीर्षक होतं 'आजीव प्रेक्षक'.

"आजीव?"

"नियमावलीत दुसरा शब्द नाही."

वर्नाबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. सातव्या ओळीवर बोट थांबलं: लेनर्ड स्लाडेक. त्यांचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात लेनर्डने एकही सामना पाहिला नव्हता. शनिवार उजाडला की तो गळ घेऊन नदीवर जायचा. सामन्याला चल म्हटलं की म्हणायचा, "मी मेलो तरी येणार नाही." गॅरेटने त्याला नेमकं मेल्यावर आणून बसवलं होतं.

त्या दिवशी वर्नाबाईंनी चिठ्ठी दिली. पण दुपारी मर्लने आणलेलं राजमा-खिम्याच्या चिलीचं वाडगं आणि दालचिनीचा रोल तसाच राहिला. एवढं त्यांच्या हयातीत कधी घडलं नव्हतं.

शेवटचा सामना नोव्हेंबरात होता. आदल्या रात्रीपासून बर्फ पडत होता. पाहुण्या संघाची बस कशीबशी पोचली. गॅरेट 'प्रेक्षकवृद्धी : नव्या दिशा' या परिषदेसाठी ॲरिझोनाला, उन्हात, गेला होता. वर्नाबाई गमबूट घालून बाकांमधून चालल्या आणि त्यांनी बोटाने माणसं मोजली. चौदा. त्यातले चौघे खेळाडूंचे आईबाप होते, आणि एक बर्फ उपसणारा होता, जो थकून टेकला होता.

मर्लने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "वर्ना, बाकीचे आकडे कुठे गेले?"

"चौदाला दोनच आकडे असतात."

"अगं, नोकरी जाईल!"

"माझी जाईल. तू नुसतं वाच."

मर्लने घसा साफ केला. "आजची उपस्थिती... चौदा."

मैदानावरचे खेळाडू जागच्या जागी थांबले. मोसमभर ते 'आठ हजार दोनशे चौदा' ऐकत होते आणि समोर रिकामे बाक बघत होते. दोघांना तर प्रशिक्षकाने डोळे तपासायला पाठवलं होतं. आता सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. डोळे ठीक होते. एकाने वर बघून हात हलवला. वरच्या चौदांनीही हलवले. सगळे हसायला लागले, आणि हसताना मार कमी लागतो हे चंडोलांना पहिल्यांदाच कळलं.

शून्य-शून्य असताना, शेवटच्या मिनिटाला, ड्वाइट ऑस्ट्रँडरने चेंडूला लाथ घातली. मोसमात त्याचे अकराच्या अकरा प्रयत्न हुकले होते. हा चेंडू खांबावर आपटला, क्षणभर विचारात पडला आणि पलीकडे पडला. अशा लाथेला तीन गुण मिळतात. तीन-शून्य! चौदाच्या चौदा माणसं बर्फात उतरली. वर्नाबाईंनी ड्वाइटचा बर्फाळ गाल ओढला.

सोमवारी गॅरेटने वर्नाबाईंच्या निलंबनाचं पत्र तयार केलं. कारण : 'अनधिकृत अचूकता'. पत्रावर सही व्हायची होती एवढ्यात गावातले दंतवैद्य आत आले. त्यांनी सांगितलं, त्या चौदांतला एक मी. मागोमाग बँकेचे व्यवस्थापक आले. मग महापौर. संध्याकाळपर्यंत चौदा माणसं एकशे नव्वद झाली होती.

गॅरेटने पत्र खणात टाकलं आणि 'ऐतिहासिक उपस्थिती प्रमाणपत्र' योजना जाहीर केली. अर्जासोबत एका साक्षीदाराची सही हवी होती. साक्षीदार चिकार होते; सगळे एकमेकांचे झाले. पहिला अर्ज ॲरिझोनाला गेलेल्या गॅरेटचा मंजूर झाला. पंधरा दिवसांत आठ हजार दोनशे चौदा प्रमाणपत्रं वाटून संपली आणि मैदान सलग अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण भरलं.

सोळाव्या दिवशी वर्नाबाईंनी सहज म्हणून अर्ज केला. तो परत आला. शेरा : 'आसन शिल्लक नाही.'

"अरे गॅरेट, मी तिथे होते. मीच मोजले!"

"म्हणूनच," गॅरेट नम्रपणे म्हणाला. "मोजणारा मोजला जात नाही."

वर्नाबाई खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तुम्हीही हसत असाल. पण अमेरिकेत तुमचा एखादा मेव्हणा किंवा चुलतभाऊ असेलच. त्याला विचारून पाहा, "होतो ना, काय बर्फ होता म्हणून सांगू!" असं तो म्हणेल. आणि पुढच्या लग्नात, पंगतीत, हा किस्सा रंगवताना 'कुठेतरी वाचलं' असं तुम्ही थोडंच सांगणार आहात? 'आमचा मेव्हणा स्वतः तिथे होता,' असंच सांगाल.