गिरणीशेजारी बसलेलं कार्यालय

खडकोशी ग्रामपंचायतीचं कार्यालय मंगळवारी सकाळी आपल्या जागेवरून उठलं आणि मंदाकाकूंच्या पिठाच्या गिरणीशेजारी जाऊन बसलं.

मी तिथला ग्रामसेवक. गाव मला भाऊसाहेब म्हणतं. नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन आलो, तर मारुतीच्या देवळासमोर नुसता चौथरा होता. दार मात्र गिरणीशेजारी कुलूपबंद सापडलं आणि त्याला माझीच किल्ली लागली, तेव्हा निम्मी काळजी तिथंच मिटली. आत खुर्च्या, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी होतं. शिक्क्याची शाई तेवढी थोडी सांडली होती.

मी तालुक्याला फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इमारत गावच्या हद्दीतच आहे ना?"

"आहे साहेब."

"कुणाच्या खाजगी जागेत?"

"नाही, गायरानात बसलीय. गिरणीच्या भिंतीपासून हातभर अंतरही सोडलंय."

"मग अतिक्रमण होत नाही. पत्ता बदलल्याचं कळवून टाका."

कारण काय लिहू, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "कार्यालयीन सोय."

जुन्या जागेबद्दल एक सांगायला हवं. खडकोशीत बायका चावडीसमोरून, म्हणजे या कार्यालयासमोरून, जाताना चपला काढून हातात घ्यायच्या. तसा नियम नव्हता. सासू काढते म्हणून सून काढायची, एवढंच. उन्हाळ्यात तिथली फरशी तव्यासारखी तापे, म्हणून बऱ्याच जणी मागच्या बोळातून गटार ओलांडून जात. चावडीची पायरी चढायचा प्रश्नच नव्हता. सरपंच शालनताई निकम यासुद्धा चढत नसत. जागा महिलांसाठी राखीव झाली आणि त्या निवडून आल्या, पण खुर्चीत बसायचं काम त्यांचे यजमान भगवानराव बघत. गाव त्यांनाच सरपंच म्हणे. कागद सहीसाठी घरी जायचा आणि हळदीचं बोट लागून परत यायचा. वेळेवर यायचा, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

भगवानरावांनी त्याच दिवशी कार्यालयाची समजूत काढून बघितली. भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, "चला आता, लई झालं. गाव काय म्हणंल?" कार्यालय हललं नाही. मग त्यांनी ट्रॅक्टर आणून दोर बांधला. दोर तुटला आणि कार्यालय हट्टी पोरागत आणखी खाली दबून बसलं. एक पायरी जमिनीत गेली. चढायला मात्र त्यानंतर सोपं झालं.

बुधवारी ग्रामसभा होती. निधी एकाच कामापुरता आला होता. भगवानरावांना वेशीवर स्वागत कमान हवी होती, वर दोन हत्ती आणि मधे कमळ. शालनताईंना ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव हवा होता. जुना साकव गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. हायस्कूल ओढ्यापलीकडे आहे. मुलगे सायकलवर लांबच्या पुलाला वळसा घालून जात. पोरींना सायकली कोण देतंय? त्या दगडांवरून उड्या टाकत जात. एके दिवशी शालनताईंची मुलगी श्रावणी घसरली. पलीकडच्या गुराख्यानं दप्तराचा पट्टा धरून तिला ओढून काढली. तेव्हापासून गावातल्या सगळ्याच पोरी घरी बसल्या. जूनच्या आत साकव झाला तर श्रावणीला दहावीला पाठवायचं, नाहीतर शाळा बंद, असं निकमांच्या घरात ठरून गेलं होतं. ही गोष्ट सगळ्या बायकांना ठाऊक होती, कारण गिरणीत रोज तिच्यावर बोलणं व्हायचं. चावडीवर तो विषय एकदाही आला नव्हता.

सभेची नोटीस मी आधीच लावली होती. ठिकाण: ग्रामपंचायत कार्यालय. बुधवारी सगळे पुरुष सवयीनं जुन्या चौथऱ्यावर जमले. सतरंजी अंथरली, पान लावलं, तंबाखू मळली, आणि कमान एकमतानं मंजूर करून टाळ्याही वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की भाऊसाहेब कुठं दिसत नाहीत.

मी कार्यालयात होतो. नोटिशीत तसंच म्हटलं होतं. गिरणीचं दार आणि कार्यालयाचं दार आता शेजारी-शेजारी आलं होतं. ज्वारीचे डबे रांगेत ठेवून बायका सावलीला म्हणून आधी पायरीवर टेकल्या, मग आत येऊन बसल्या. पायांत चपला होत्या. गिरणीत कुणी चपला काढत नाही. शालनताईही दळण घेऊन आल्या होत्या. खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं. त्या जरा थांबल्या, पदरानं खुर्चीवरचं पीठ झटकलं आणि बसल्या. मी डोकी मोजली. गणसंख्या पूर्ण होत होती.

तेवढ्यात भगवानराव आले.

"भाऊसाहेब, चला की. माणसं खोळंबल्यात."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? चावडीवर!"

"चावडी ही इथं आहे."

त्यांनी वर छताकडे बघितलं. चावडी इथं होती, हे त्यांना नाकारता येईना. मग ते म्हणाले, "असं आसंल तर सभा तहकूब करा. सरपंच म्हनून सांगतोय."

त्याच वेळी मंदाकाकूंनी गिरणी चालू केली. लाईट नुकतीच आली होती. पट्टा घरघरू लागला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि भगवानरावांचं पुढचं सगळं भाषण आम्हाला नुसतं दिसलं. हात वर झाला, कमान हवेत काढली गेली, बहुतेक हत्तीही येऊन गेले. शब्द एक नाही. ते गिरणीच्या दारात गेले आणि बंद करा म्हणून खुणा करू लागले.

मंदाकाकू तिथूनच गरजल्या, "लायटीचा काय भरवसा न्हाई! दळणं राहिली तर सांच्याला काय कमान खाणार?"

ते मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. या बायका वर्षानुवर्षं त्या पट्ट्यावरून एकमेकींशी बोलत आल्या आहेत. चावडीसमोर त्यांना हळू बोला म्हणायचे. गिरणीत हळू बोलणारीचं दळण शेवटी लागतं.

मी सरपंचांकडे वळलो आणि जमेल तेवढं ओरडून विचारलं, "सभा तहकूब करायची का?"

शालनताईंनी यजमानांकडे बघितलं. भगवानरावही त्यांच्याकडेच बघत होते. खरं सांगतो, या बाई आता उठतील, डबा उचलतील आणि घरी जातील, असंच मला वाटलं.

"सभा चालू ऱ्हाईल," शालनताई म्हणाल्या. "अवं, तुमीबी बसा जरा."

त्या ओरडल्या नाहीत. ज्वारीत बाजरी मिसळू नका हे सांगायचा त्यांचा जो रोजचा आवाज, तोच होता. तो पार चौथऱ्यापर्यंत गेला. तिथले लोक सतरंजी गुंडाळायला लागल्याचं मला दारातून दिसलं.

"श्रावणी घसरली तवा मी अल्याड हुते," त्या म्हणाल्या. "वड्याला पानी म्हंजे नुसतं गर्जत हुतं. मी हाक मारली. ती पल्याड गुराख्याच्या कानावर गेली म्हनून पोरगी आज हाय. त्याच आवाजानं सांगते. कमान नको. साकव पायजे."

गिरणी चालूच होती. पीठ उडत होतं. भगवानराव दाराशी एका पोत्यावर बसले. ही हाकेची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती, की सांगितली होती आणि त्यांच्या कानावर गेली नव्हती, ते मला माहीत नाही.

मी ठराव वाचला. बायकांचे हात वर झाले, कुणाच्या हातात चाळणी, कुणाच्या हातात डब्याचं झाकण. चौथऱ्यावरून आलेले लोक दारात उभे होते. त्यांतलेही काही हात उठले. शेवटी भगवानरावांनी हात वर केला. बोलायला केला की मत द्यायला, हे मी विचारलं नाही. मतात धरला. साकव मंजूर झाला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मीही पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

साकव पावसाच्या आत उभा राहिला. शाळा उघडली त्या सकाळी मी कार्यालयात कामाला बसलो असताना ते उठलं आणि मला घेऊन ओढ्याच्या काठावर जाऊन बसलं. घाईत चपला पायरीवरच राहिल्या आणि मी अनवाणीच बाहेर आलो. पोरी एकामागून एक साकवावरून चालल्या होत्या. खाली पाणी गर्जत होतं. श्रावणीनं पलीकडे पोचल्यावर मागं वळून हाक दिली, "आई, पोचले गं!" अल्याडच्या सगळ्यांना ती ऐकू आली. शालनताईंनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. भगवानराव दळणाचा डबा धरून शेजारी उभे होते.

मग शालनताईंनी कार्यालयाच्या भिंतीवर थाप मारली.

"चला आता. लाईट येईल, दळणं पडल्यात."

कार्यालय उठलं आणि त्यांच्या मागोमाग चालू लागलं. सगळ्या बायका पुढं, कार्यालय त्यांच्या मागं. मी पायरीवरच्या चपला कशाबशा ओढून घेतल्या आणि त्या हातात धरून सगळ्यांच्या मागून चालू लागलो.