सातव्या मिनिटाला काय झालं?

आमच्या सोसायटीची लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जायला बावीस सेकंद घेते. अख्ख्या इमारतीत हे फक्त मला माहीत आहे, कारण त्या बावीस सेकंदांत माझी तोंडी परीक्षा होते.

"काल पाठवलेलं ऐकलंत?"

"ऐकलं की."

"मग सातव्या मिनिटाला काय झालं?"

मी दोनच मिनिटं ऐकलं होतं, तेही हिंजवडीहून येताना, कंपनीच्या बसमध्ये, अर्धवट झोपेत. "गिटार फार छान होती," मी ठोकून दिलं.

"त्यात गिटार नाही. त्यात एक कोरियन बाई पत्र्यावर तांदूळ ओततात. सातव्या मिनिटाला तांदूळ संपतो." चौथा मजला आला. बाईंनी पिशवी उचलली. "पुन्हा ऐका."

या करंदीकरबाई. वय सत्तरीच्या आसपास, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. शनिवार पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वारज्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एकट्याच असतात. या वयाच्या बाईंकडून माणूस साधारण भक्तिगीतांची अपेक्षा करतो. बाई ऐकतात ते जगाच्या कानाकोपऱ्यातल्या तळघरांतून, गॅरेजांतून आणि मोडक्या गोदामांतून येणारं संगीत. त्याला संगीत म्हणायचं का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

ऐकतात त्या एकट्याच, पण दर गुरुवारी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची शिफारस येते. फळ्यावर लिहिल्यासारखी. 'देश: चिली. वाद्ये: दोन रेडिओ, एक पंखा. वेळ: एकोणीस मिनिटे. पोळ्या लाटताना ऐकू नये, हात चुकतो.' खाली लिंक. एकदा लिंकच्या खालीच आमच्या चेअरमनसाहेबांनी लिहिलं, 'आवाज ऐकला. हा बहुतेक बी विंगच्या पंपाचा आहे. उद्या प्लंबर येईल.' बाईंनी उत्तर दिलं, 'प्लंबरना चिलीला जावं लागेल.'

त्यांच्या दारावर पाटी आहे: 'बेल एकदाच दाबावी. दोनदा दाबल्यास आम्ही ऐकत बसतो, दार उघडत नाही.'

मला 'छान' म्हणायची बंदी आहे. "छान हे उत्तर झालं. मला रीत सांगा. काय ऐकलंत, मग काय वाटलं, मग कुठे कंटाळलात." कंटाळलो हे सांगितलं तर त्यांना राग येत नाही. कितव्या मिनिटाला ते मात्र सांगावं लागतं. हळूहळू मी खरंच ऐकायला लागलो, आधी परीक्षेच्या धाकानं आणि नंतर निव्वळ कुतूहलानं. माणूस पत्र्यावर तांदूळ का ओततो? आणि ते ऐकताना मला लहानपणचं वाण्याचं दुकान का आठवतं?

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक लिंकखाली किती जणांनी ऐकलं तो आकडा असतो. बाईंच्या सगळ्या शिफारशींचे आकडे चार, नऊ, सहा असे. एकदा मी विचारलं, "बाई, हजारो लोक ऐकतात असं कधीच का पाठवत नाही?"

"हजारो लोक ऐकतात ना? मग माझी काय गरज?" त्या म्हणाल्या. "ज्याला सहा जण ऐकतात त्याला सातवा लागतो."

पुढे त्या तांदळाच्या बाईंचा आकडा एकदम चाळीस हजारांवर गेला. मी अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. करंदीकरबाईंनी मान डोलावली. "ऐकलं मी. आता त्यांची काळजी नाही. नांदायला लागल्या." आणि त्या दिवसापासून त्यांनी कोरियाचं नाव काढलं नाही.

गणपतीत त्यांनी कार्यक्रमासाठी दहा मिनिटं मागितली. कमिटीला वाटलं, बाई पाढे म्हणून दाखवतील. बाईंनी लावलं ते पोर्तुगालमधल्या एका गृहस्थांनी जुन्या लिफ्टच्या तारांवर वाजवलेलं काहीतरी. पहिल्या मिनिटाला मुलं हसली, तिसऱ्याला बायकांना प्रसादाची आठवण झाली, पाचव्या मिनिटाला वॉचमन शिंदे मांडवातून पळत सुटले. कुणीतरी अडकलं असं समजून त्यांनी दोन्ही विंगच्या लिफ्ट वरपर्यंत तपासल्या. सगळे पोट धरून हसत होते. बाई गंभीरपणे शिंद्यांकडे गेल्या, त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "आज इथे खरं ऐकलं ते तुम्ही एकट्यानं."

मला त्या एक गमतीशीर शेजारीण वाटत होत्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली तोपर्यंत.

"सबनीस, तुमच्याकडे कॅसेट वाजवायचं यंत्र आहे का?"

वडिलांचा टेपरेकॉर्डर माळ्यावर होता. तो काढून, पुसून, चालू होईपर्यंत बाई सोफ्याच्या काठावर बसून होत्या. रुमालात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

आधी नुसती खरखर. मग एक सूर आला, लांब, थरथरता, धातूचा. त्याच्यामागून दुसरा. मग मधूनच टिकटिक, टिकटिक, वेग वाढत गेलेली. मी कुतूहलानं पुढे सरकलो. "कुठला देश?"

"शनिवार पेठ," बाई म्हणाल्या.

"वाजवतंय कोण?" मी विचारलं.

"हे वाजवतायत." त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "पाटबंधारे खात्यात होते. रविवारी दुपारी सायकलचं चाक उलटं टांगायचे आणि त्याच्या तारांवर व्हायोलिनचा गज फिरवायचे. गज कुठून आणला होता देव जाणे, व्हायोलिन काही नव्हतं घरात. आमच्या दोन खोल्या. मी वह्या तपासत असायचे. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे मी."

चाक वाजत होतं. मला ते विचित्र वाटलं, मग उदास वाटलं, आणि मग मी वाटणं सोडून ऐकायलाच लागलो. चौदा मिनिटं झाली असतील. एकाएकी कॅसेटमध्ये दार उघडल्याचा आवाज आला आणि एक तरुण, खणखणीत आवाज म्हणाला, "अहो, बंद करा ते आता. डोकं उठलंय माझं."

सूर थांबला. मोकळं सुटलेलं चाक थोडा वेळ फिरत राहिलं. टिक. टिक. टिक. मग एक पुरुषी आवाज, अगदी शांत: "बरं."

टेप संपली.

"त्यानंतर चाक माळ्यावर गेलं," बाई म्हणाल्या. "मी काही म्हटलं नाही. त्यांनीही नाही. बत्तीस वर्षं राहिलो त्यानंतर एकत्र. चांगले राहिलो. पण ते चाक पुन्हा खाली आलं नाही. ते गेल्यावर सामान आवरताना कॅसेट मिळाली. तेव्हा एकदाच ऐकली आणि मग शोधत बसले, असलं आणखी कोण वाजवतं जगात. निघाले की इतके! प्रत्येकाच्या घरी कुणीतरी दार लावून घेत असणार."

मी टेपरेकॉर्डरशी उगाच चाळा करत राहिलो.

"हे त्या सगळ्यांच्यात ठेवता येईल का?" त्यांनी विचारलं. तीस वर्षं मुलांना उभं करून प्रश्न विचारलेल्या बाईंचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

ऑफिसातल्या एका मित्राकडून मी कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. बाईंच्या लिंका असतात त्या साइटवर चढवण्याआधी त्यांना विचारलं, "शेवटचं बोलणं कापू का? चाकापाशीच थांबवता येईल."

"नाही. झालं ते झालं. ऐकू दे लोकांना."

आठवडाभर आकडा दोन होता. एक त्या, एक मी. आठव्या दिवशी तीन झाला आणि खाली फिनलंडच्या कुणा माणसाचा इंग्रजी निरोप आला. मी फोन घेऊन समोर गेलो. बाईंचा चष्मा सापडेना, म्हणून मीच मराठीत सांगत गेलो. "तो म्हणतो, चाक सुंदर आहे. मी तीनदा ऐकलं. पण शेवटी येणारी बाई कोण आहे? तिचा आवाज आला तेव्हा मला कळलं की हे कुणाचं तरी घर आहे. हे दोघं अजून एकत्र वाजवतात का?"

बाई टेबलावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाची सुरकुती अंगठ्यानं सरळ करत राहिल्या. ती सरळ झाली तरी करत राहिल्या. खाली भाजीवाला ओरडत गेला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, वाजवणारे आता नाहीत." त्या म्हणाल्या. "आणि लिहा, बाई ऐकते आहे."